ताईचं लॉगिन

ताई आणि धाकटा मिळून घरांचे नकाशे काढून देत. सगळे नकाशे धाकट्याने उभ्या केलेल्या सर्व्हरवर असत. कुणीही जोडलं गेलं, की सर्व्हर आधी नाव आणि पासवर्ड विचारी. ते जुळले, की मुभा असेल तो प्रत्येक हुकूम मुकाट्याने पाळी आणि ‘झालं’ असं कळवी. ऑफिसातल्या बाकीच्यांना फाइल्स फक्त उतरवून घेता येत. पुसण्याची मुभा दोघा भावंडांनाच होती.

एका सकाळी फोल्डर रिकामं दिसलं. जादा प्रतींच्या फोल्डरचंही तेच. कुणीतरी डल्ला मारला असं समजून धाकट्याने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. नाव ताईचं होतं, पासवर्डही बरोबर होता. चारशे बारा नकाशे एकेक करून उतरवले होते आणि लगेच पुसले होते. प्रत्येक हुकमापुढे सर्व्हरचं उत्तर होतं: झालं.

त्याने फोन लावला.

“ताई, नकाशे तू नेलेस?”

“नवं ऑफिस काढलंय मी. रिकाम्या हाताने कशी जाऊ?”

“अगं, निम्मे माझे होते!”

“मग तुझ्या सर्व्हरने मला अडवायचं होतं,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

धाकट्याने मुभा असलेल्यांच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. सर्व्हरने तेही मुकाट्याने केलं.

आई अजून अधूनमधून विचारते, “ताई हल्ली येत का नाही रे?”

तो म्हणतो, “कामात आहे.”