रंजीताचा जोर

“मावशी, लावा जोर. माहा हात वर ढकला.”

गोमतीबाईंच्या मनगटाचे प्लास्टर आठ दिवसांपूर्वी निघाले होते. त्यांनी हात ढकलला नाही. समोर बसलेल्या फिजिओथेरपिस्टकडे, वर्षाराणीकडे, बघत त्या म्हणाल्या, “मले वळखलं नाई तुमी. रंजीताची माय. आसेगावची.”

वर्षाराणीने त्यांना दारातच ओळखले होते.

तीन वर्षांपूर्वी पायांना मुंग्या येतात म्हणून रंजीता मंगरूळपीरच्या या दवाखान्यात आली. नसांचा आजार. डॉक्टर म्हणाले होते, “रोज ताकद तपासा. पूर्ण असेल तर पाच लिहा. चारवरून तीनवर आली, की लगेच अकोल्याला हलवू.” तिसऱ्या संध्याकाळी वर्षाराणीने तिला मांडी उचलायला लावून वरून दाबून पाहिले आणि चार म्हटले. पोरगी घाबरलेली, म्हणून हात हलकाच ठेवला होता. नवा सहकारी पवन तपासून म्हणाला, “मॅडम, मले तीन वाटते.”

“तू जास्त दाबतं,” ती म्हणाली. सोळा वर्षांची नोकरी होती तिची. कागदावर चारच लिहिले गेले. सकाळी रंजीताचा श्वास अडकला आणि अकोल्याला नेताना, शेलूबाजारच्या पुढे, ती गेली.

तेव्हापासून प्रत्येक पेशंट पवनही वेगळा तपासतो, तिचा आकडा न बघता. तरी पोळी लाटताना, गाडीत बसल्यावर, वर्षाराणीच्या तळहाताखाली ती मांडी येते. कधी चार वाटते, कधी तीन.

“एक इचारू?” गोमतीबाई म्हणाल्या. “त्या दिवशी माही पोर जोर लावून राह्यली होती का?”

“लावून राह्यली होती. होता तेवढा सगळा. आकडा माहाच चुकला, मावशी. पवन बरोबर सांगत होता, मी त्याचं आयकलं नाई.”

गोमतीबाई दुखरे मनगट चोळत राहिल्या.

“तुमी चार म्हणाल्या, म्हणून मी तिले लय बोलली. ताकद हाय तं उठत काहून नाई? नाटकं करतं, म्हटलं. ते आयकूनच झोपली ती.”



बाहेर पवनने पुढचे नाव पुकारले. वर्षाराणीने उठून दार लोटले. गोमतीबाई खुर्चीत तशाच बसून होत्या. ओठ हलत होते. त्या आपल्या रंजीताशी बोलत होत्या, अगदी हळू आवाजात.