कुकड्यांच्या जीपचा रिव्हर्स

चौऱ्याहत्तर साली चिंचवडात गुरुदत्त कुकडेच्या जीपला रिव्हर्स गिअर नव्हता. म्हणजे होता, पण तो मी होतो. गाडी मागे घ्यायची वेळ आली की मी उतरायचं, पुढे जायचं आणि बॉनेटला छाती लावून ढकलायचं. नशिबानं मी त्याचा शेजारी.

जीप लढाईतली, लष्कराच्या लिलावातली, डाव्या स्टिअरिंगची. कंपनीतून आल्यावर आणि सगळे रविवार घालून गुरुदत्तने दोन वर्षांत ती पुन्हा उभी केली. रंग दिला, हूड शिवलं, उजवीकडची सीट बायकोच्या आवडीच्या निळ्या रेक्झिनने मढवली. फक्त गिअरबॉक्समधलं रिव्हर्सचं चाक मिळेना. जुन्याचे सगळे दात झिजलेले आणि नव्या जीपचं त्यात बसत नव्हतं. "हिची पलटण सारखी माघार घेत असणार," असं मी एकदा म्हणालो, तर तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. ढकलायला खुणेने बोलवायचा.

खरं दुखणं वेगळंच होतं. बहिणीच्या केळवणाला पद्मावहिनी शालू नेसून ऐटीत या जीपमधून माहेरी गेल्या. ती गल्ली पुढे बंद. मी सेकंड शिफ्टला. वहिनींना साऱ्या माहेरासमोर पदर खोचून जीप मागे ढकलावी लागली. त्यांनी तिथंच सांगून टाकलं, "ही आपली आपण मागे जाईल तेव्हाच मी हिच्यात बसेन." तेव्हापासून निळी सीट रिकामी. मलाही तिथे बसायची बंदी, मी मागच्या फळीवर. गुरुदत्त त्या सीटकडे बघत बघत गाडी चालवायचा. मला त्याची दया यायची आणि रागही यायचा, कारण त्याने रस्त्याकडे बघायला हवं होतं.

एकदा कंपनीतला टर्नर उद्धवराव म्हणाला, "तळवड्यात आमच्या सोपानरावाकडं अशीच जीप व्हती. इंजिन पंपाला लावलं, बाकीची गोठ्यात पडून हाय." आम्ही रविवारीच गेलो.

गोठ्यातल्या जीपमध्ये कोंबड्या होत्या. गिअरबॉक्स उघडा होता आणि नेमकं आमचं चाक त्यात नव्हतं. गुरुदत्तने कागदावर त्याचं चित्र काढून दाखवलं. सोपानरावाची बायको चतुराबाई आत गेली आणि ते चाक घेऊन आली.

"ह्यो व्हय? लोणच्यावर दडपणाला ठिवलाय."

सगळे दात शाबूत. गुरुदत्तने ते धोतराच्या सोग्याने पुसलं. सोगा सोपानरावाचा होता.

"तुमच्या गाडीला झालंय काय?" सोपानरावाने सोगा सोडवून घेत विचारलं.

"पुढे झकास जाते. मागे जात नाही."

"आजाबात न्हाई?"

"एक इंच नाही."

सोपानराव आमच्या जीपभोवती एक फेरी मारून आला. ओट्यावर त्याची थोरली मुलगी कुसुम शेंगा फोडत बसली होती. ती वर्षात दुसऱ्यांदा सासरहून रुसून आली होती. धाकट्या सुमनचं लग्न शुक्रवारी होतं.

"सुमीची पाठवणी ह्याच गाडीतनं," सोपानराव म्हणाला. "आन् वरीसभर गाडी मागं जाता कामा न्हाई. वरीस सरलं की चाक तुमचं. पैसा नगं."

"माझ्या येळंला बैलगाडी व्हती," कुसुम शेंगा फोडतच म्हणाली. "बैल मागं सरत्यात."

गुरुदत्तने पैसे पुढे केले, हात जोडले. सोपानराव बधला नाही. शेवटी गुरुदत्त कबूल झाला. वहिनींना त्याने घरी येऊन सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "बरं. एक वर्ष." आणि जेवायला वाढलं.

लग्नाच्या दिवशी गुरुदत्तने जीप गोठ्याकडे तोंड करून लावून ठेवली. पाठवणीच्या वेळी ढकलून मागे घ्यावी म्हणून मी सवयीने पुढे झालो, तर सोपानराव आडवा आला. मागे म्हणजे मागे. मग दहा वऱ्हाडी लावून आम्ही जीप उचलली आणि जागच्या जागी फिरवली. चाक मागे सरकत नाही ना, हे सोपानराव वाकून बघत होता. सुमन रडत बसली, जीप चाकणला गेली, माझी कंबरही गेली.

सोमवारी सकाळी सोपानराव आमच्या दारात. हातात फडक्यात बांधलेलं चाक, त्याला लोणच्याचा वास.

"बसवा सायेब. आजच."

"पण वर्ष?"

"परवा पोरगी मांडव परतायला म्हायेरी यायची. तिच्या आईनं जेवण टाकलंय. म्हंती, मागं न फिरणाऱ्या गाडीत बसवून धाडलीसा, आता माझी पोर येती कशी?" तो पायरीवर बसला. "मलाबी लई चुकल्यावानी वाटतंय. घर खायला उठतंय."

आम्ही दोघांनी रजा टाकली. गिअरबॉक्स उतरवला, चाक बसवलं, पुन्हा चढवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुदत्तने गिअर टाकला आणि जीप आमच्या फाटकापासून रेशनच्या दुकानापर्यंत आपली आपण मागे गेली. वहिनी दारातून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि तोच शालू नेसून आल्या. गुरुदत्त रडला. मी कंबर धरून बघत राहिलो.

"आत्ता नाही," वहिनी म्हणाल्या. "उद्या नवरीला आणायला बाईमाणूस नको का?"

चाकणहून सुमनला घेऊन आम्ही तळवड्यात शिरलो, तर सोपानराव वाटेतच उभा. अंगणापर्यंत गाडी उलटी न्यायची, म्हणजे त्या अटीची फेड पुरी होते, असं त्याचं म्हणणं. फळीवर मी आणि सुमन, त्यामुळे सगळ्यांत आधी आम्हीच पोचणार होतो. निळ्या सीटवरून वहिनी मान वळवून सांगत होत्या, "येऊ द्या... येऊ द्या..." अंगणात चतुराबाई भाकरतुकडा घेऊन उभी. सोपानराव डोळे पुसत मागे मागे चालत होता आणि तोही म्हणत होता, "येऊ द्या... येऊ द्या..."

बास कुणीच म्हणालं नाही. जीप कडब्याच्या गंजीत हूडापर्यंत घुसली.

सुमन कडब्यातून हसत बाहेर आली. गुरुदत्त घाईघाईने पुढचा गिअर टाकू लागला, तर वहिनींनी त्याचा हात धरला. त्यांना इतक्यात पुढे जायचंच नव्हतं. सोपानरावाने लेकीच्या केसातलं एक पान काढलं.

"ऱ्हाऊ द्या की गाडी हितंच," तो म्हणाला. "चार दिस."