फक्त श्वासाकडे

तिने काचेच्या बशीवर हलकेच फुंकर घातली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मातीच्या डबीत आमिष म्हणून सोडलेल्या, आता मेलेल्या अळीतून बाहेर पडलेले केसाहून बारीक सूत्रकृमी शेपटीवर उभे राहिले आणि तिच्या तोंडाच्या दिशेने झुकले. मग तिने रबरी फुग्यातून साधी हवा सोडून पाहिली, तर ढिम्म. नोंदवहीत तिने ठासून लिहिलं : फक्त श्वासाकडे झुकतात.

"नवीच प्रजाती आहे," सर म्हणाले. "मापं जुळत नाहीत, डीएनए जुळत नाही. पण माती कुठली? ठिकाण सांगता आलं नाही, तर तुझी पाच वर्षं पाण्यात."

बारा डब्यांवर चिठ्ठ्या होत्या. ही तेरावी, कोरी. तिने ती उलटी केली. बुडाला चांदणीचं स्टिकर होतं, लेकीचं. 'आईचं ऑफिस' खेळताना चिमणीने भरलेली डबी तिने कधीतरी सकाळच्या घाईत, न बघताच पिशवीत कोंबली होती.

अर्धी रजा टाकून ती घरी आली. चिमणी आजीच्या खोलीत, खिडकीतल्या कुंडीपाशी ओणवी होती. आई जाऊन दोन महिने झाले, तरी तिचा पलंग काढायला हात धजला नव्हता.

"चिमणे, माझ्या डबीत माती कुठली भरलीस गं?"

"आजीच्या कुंडीतली. रागावणारेस?"

"नाही गं बाई. उलट डोक्यावर घेऊन नाचते तुला!"

ती वाकली. ओल्या मातीवर पांढरी लव होती. हजारो सूत्रकृमी एकमेकांना बिलगून उभे होते, दोघींच्या तोंडाकडे झुकून.

"आता नाक दाब," चिमणी कुजबुजली. "गंमत बघ."

दोघींनी नाकं दाबली, ओठ मिटले. लव डगमगली. मग सावकाश, एकाच वेळी, सगळीच्या सगळी वळली आणि दोघींच्या मधून मागच्या पलंगाकडे झुकली.

तिने पंखा पाहिला. बंद. खिडकीची कडीही लावलेली.

चिमणीने भसकन श्वास सोडला. "आजीला धाप लागली ना, की आणखी वाकतात," ती म्हणाली आणि पाणी प्यायला पळाली.

पर्समध्ये फोन थरथरत राहिला. सरांना ठिकाण हवं होतं.

लव पलंगाकडे आणखी थोडी वाकली. छाती फुटायला आली, तरी तिने नाक सोडलं नाही.