गळकी कुंडी

मिस्त्रींनी जन्मभर एकच नाव कमावलं होतं: यांच्या हातची टाकी गळत नाही. त्यामुळे बायको लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि तिच्या लिंबाच्या कुंडीतून फरशीवर पाणी आलं, तेव्हा त्यांना राहवलंच नाही. कुंडी आडवी केली, तळाचं भोक सिमेंटनं लिंपलं, वरून घोटून काढलं. आता थेंब गळेल तर शपथ!

झाड तिनं बीपासून वाढवलेलं. जाताना म्हणाली होती, "अहो, एवढं एक सांभाळा. बाकी काही नाही केलंत तरी चालेल."

पानं पिवळी पडली. मिस्त्रींनी आणखी पाणी घातलं. पानं झडायला लागली. फोनवर "झाड मजेत आहे" असं ठोकून देताना त्यांचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी गेले रोपवाल्या बाईंकडे.

"माती घट्ट झाली असेल, काका. मुळांना हवा लागते. वाळू मिसळा."

वाळू! वाळूतलं मिस्त्रींना कुणी शिकवायचं? त्यांनी वाळू चाळली, खडा न् खडा फेकला, पिठासारखी बारीक तेवढी मातीत कालवली, थापीनं ठोकून बसवली आणि सपाटी तपासायला वर पाणसळ ठेवून पाहिली. वा, काय काम झालं! पाणी ओतलं तर वरच तळं साचलं, आणि झाडानं मान टाकली.

मग मात्र त्यांचं धाबं दणाणलं. कुंडी कवेत घेऊन पुन्हा बाईंकडे. बाईंनी तळ पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काका, भोक कुठंय?"

"बुजवलं की. गळत होती!"

"अहो, गळायलाच असतं ते! आणि ही कसली वाळू? गिलावा करायचाय का? जाडी भरड हवी, विटांचे बारीक तुकडे हवेत, नारळाच्या काथ्याचा भुसा हवा. आणि अजिबात दाबायचं नाही."

म्हणजे फेकलं तेच हवं होतं! बाईंनी कुजकी मुळं छाटून दिली. घरी मिस्त्रींनी छिन्नी उचलली खरी, पण स्वतःचं धड काम फोडायला हात धजेना. मग बायकोचा चेहरा आठवला आणि पडला घाव. मग बाईंनी सांगितलं तसं सगळं हलक्या हातानं भरलं; थापी त्यांनी आधीच माळ्यावर टाकली होती, न जाणो ठोकायला हात शिवशिवला तर. आता पाणी घातलं की सरळ खाली. दरवेळी मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे.

बायको आली ती थेट कुंडीपाशी. शेंड्याला कोवळी पानं फुटली होती. तिनं मातीत बोट खुपसलं, ते अलगद आत गेलं.

"कुणाकडून भरून घेतलीत?"

"मी भरली."

"पुरे हो! तुमचा हात लागला असता तर बोट मोडलं असतं माझं." तिनं मगभर पाणी ओतलं. खालून धार फरशीवर आली. "बघा, गळतेय! म्हणे मी भरली."

आता हे मात्र मिस्त्रींना सोसवेना. त्यांनी कुंडी कलती करून तळ दाखवला. तिनं वाकून पाहिलं. भोक कसं वाटोळं गरगरीत, आणि कडेनं सिमेंट घोटून घोटून चकचकीत केलेलं.

"तुमचंच हो, तुमचंच," हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं त्यांच्या हातात फडकं दिलं. "पुसा आता फरशी."