माझ्या नाकांवरची पांढरी वाळू

मित्रांनो, माझे पान चाटून पाहाल तर तोंड खारट होईल. मी तिवर आहे, खारफुटीचे झाड. ओमानच्या किनाऱ्यावर, वाळवंट समुद्राला भिडते तिथल्या चिखलात पन्नासेक वर्षे उभा आहे. भरतीचे खारे पाणी पितो, नको ते मीठ पानांवाटे टाकून देतो. माझ्याभोवती चिखलातून शेकडो काड्या वर आलेल्या दिसतील. ओहोटीला मी त्यांनीच श्वास घेतो, पण हे मला स्वतःलाच फार उशिरा कळले. श्वास नीट चालला असताना नाक कुठे आहे, हे कोण पाहतो?

मला दोन माणसे चांगली ठाऊक. खल्फान कोळी माझ्या बुंध्याला होडी बांधायचा. त्याची बायको मुझ्ना आठवड्यातून एकदा कोयता घेऊन यायची आणि तिच्या सांडणीच्या चाऱ्यासाठी माझ्या फांद्या तोडायची. दुखायचे. होडीवाला मित्र आणि कोयतेवाली वैरीण, असा माझा सरळ हिशेब होता.

मग खल्फान वारला. मोठ्या हुद्द्यावरचा त्याचा मुलगा हुमैद मस्कतहून आला, माझ्याजवळ बसून रडला आणि बापाची आठवण म्हणून माझी बडदास्त ठेवू लागला. फांदी तोडायला त्याने सगळ्यांना मनाई केली, आईलासुद्धा. चिखल दिसू नये म्हणून काड्या बुजवून पांढरी वाळू पसरली. भरती अडवायला दगडी कठडा बांधला आणि गोड्या पाण्याचा टँकर मागवला. एवढे कौतुक माझे जन्मात कुणी केले नव्हते. मग जीव का गुदमरत होता? वाटले, मीच करंटा, मला सुख सोसत नाही. पाने पिवळी पडून गळू लागली, तसा हुमैद आणखी वाळू टाकू लागला.

एका सकाळी त्याने पाहुणे बोलावले. माझ्या विरळ सावलीत कहवा आणि हलवा फिरत होता. तेवढ्यात मुझ्ना खोरे घेऊन आली आणि वाळू उपसू लागली.

“आई, पाहुण्यांसमोर काय चालवलंयस हे?” हुमैद उठून म्हणाला. “बाबांची आठवण आहे ती.”

मुझ्नाने खोरे टाकले, चाळिशीच्या त्या लेकाचे नाक चिमटीत धरले आणि दुसऱ्या हाताने तोंड दाबले.

“हलवा देऊ का रे? की कहवा?” तिने शांतपणे विचारले.

तो लालबुंद झाल्यावर तिने हात काढले. “तुझे बाबा या काड्यांवर पाय पडू नये म्हणून लांबून वळसा घालून यायचे. आणि तू त्या पुरल्यास.”

हुमैदने धापा टाकत वाळूकडे पाहिले. मग पांढरा पायघोळ झगा खोचून त्याने गुडघे टेकले आणि हातांनीच उकरायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत त्याने कठडाही फोडला आणि भरती आत आली.

माझी जमिनीकडची बाजू वाळली ती कायमचीच. समुद्राकडची वाचली. वर्षभर मुझ्नाने कोयता आणला नाही, नुसती येऊन पाने चाचपायची. परवा मात्र तिने एक फांदी तोडली. दुखले, आणि मला फार आनंद झाला. तोडण्याइतका मी सावरलो, हे तिला पटले होते.

मित्रांनो, लाड कोणते आणि घाव कोणता, याचा माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. पण एक विनवणी आहे. कुणावर माया करायला जाल, तेव्हा आधी त्याचे नाक कुठे आहे ते पाहा.