पांढऱ्या दोऱ्याची पुडी

राजमती आक्कांनी फुंकणी चुलीपुढं आदळली.

“तीन दिस झाले. ताप एक, औषध एक. मी साठीची म्हातारी उठून भाकरी थापाय बसलो, आन् ह्या महाराणी अजून गोधडीत.”

आतल्या खोलीत सून, त्रिशला, उठायला गेली आणि भिंत धरून पुन्हा खाली बसली. आक्कांनी ते पाहिलं आणि पीठ मळायला घेतलं.

त्यांचा मुलगा नेमिनाथ, त्रिशलाचा नवरा, मुंबईहून रसायनशास्त्र शिकून आला होता. राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत तो ताप आणि अंगदुखीवरचं नवं औषध घडवत होता. जैन बस्तीत दर्शनाला येणाऱ्या बायकांना आक्कांनी हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्या आता लांब बसायच्या. मायलेकांत वाजलं ते सशांवरून. सशांना सुई टोचून ताप आणायचा, मग औषधानं उतरतो का बघायचं, ही त्याची रीत. “माझ्या घरात मुक्या जिवाला ताप आणायचा न्हाय,” म्हणून आक्कांनी सगळे ससे पांजरपोळात धाडले होते.

मग सत्तावन्न सालची फ्ल्यूची साथ आली. सासूसुनेला एकाच दिवशी ताप चढला. नेमिनाथनं पुड्या बांधून दिल्या. आक्कांच्या तांबड्या दोऱ्याच्या, त्रिशलाच्या पांढऱ्या. दिवसातून चारदा तो दोघींना थर्मामीटर लावी आणि आकडे वहीत उतरवी.

पेजेची वाटी घेऊन आक्का आत गेल्या. त्रिशलाच्या उशाशी उघड्या पुडीला मुंग्यांची रांग लागली होती.

“औषध सुदीक झाकून ठेवाय येत न्हाय.”

सवयीनं त्यांनी पदराच्या टोकानं मुंग्या हलकेच बाजूला सारल्या. एकही दुखावली नाही. मग हात थांबला. त्यांची स्वतःची अर्धी पुडी कालपासून कोनाड्यात उघडीच होती. तिच्याकडं एक मुंगी फिरकली नव्हती.

त्यांनी पांढऱ्या दोऱ्याची नवी पुडी सोडली. चिमूटभर जिभेवर ठेवली. तशाच मागच्या खोलीत गेल्या.

“माझं कडूजहर. हिचं गोड कसं?”

नेमिनाथनं वहीतून मान वर केली नाही.

“साखर हाय ती. ताप औषधानं उतरला का आपसूक, हे ताडायला एक बिनऔषधाचं माणूस लागतंय, आई.”

“तिला सांगितलंस?”

“सांगितलं तर पडताळा बिघडतो.” त्यानं टाक दौतीत बुडवला. “ससे तूच घालवलेस की.”

आक्कांनी पिठाचे हात लुगड्याला पुसले. कोनाड्यापाशी येऊन आपली एक तांबड्या दोऱ्याची पुडी सोडली आणि वाटीभर पाण्यात कालवली.

“आई, एकच दिवस राहिलाय,” मागून आवाज आला.

त्रिशला पुन्हा भिंत धरून उठत होती.

“आलो की, आत्याबाई. भाकरी मी करतो.”

आक्कांनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं आणि वाटी ओठाशी लावली. कडू लागताच तिनं चमकून वर पाहिलं.

“पी. आन् गप पडून राहा,” आक्का म्हणाल्या, मागच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “तुझा ताप खरा हाय.”