पिंपात डोकावणारी विजेरी

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे. पितळी अंग, तोंडाशी जरा चेपलेली. सगळे मला बॅटरीच म्हणतात, त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते कुणी पेटवून लगेच विझवलं की. अर्धवट बघणं मला जमतच नाही!

कोपरीतल्या एका दुकानातून शिवरामकाकांनी मला घरी आणलं. दिवे गेले की माझा केवढा थाट असायचा! पुढे प्रत्येकाच्या मोबाईलमध्येच दिवा आला आणि मी खणात जाऊन पडले. तिथे फार एकटं वाटायचं.

काकांची मुलगी ऐश्वर्या डॉक्टर झाली. काही ठराविक गल्ल्यांमध्येच डेंग्यू पुन्हा पुन्हा का येतो, यावर तिचं संशोधन सुरू झालं. पहिल्याच दिवशी तिचा मोबाईल पाण्याच्या पिंपात पडला आणि माझं नशीब उघडलं. तेव्हापासून मी विठ्ठलवाडीतली पिंपं, कुंड्या, फ्रीजमागचे ट्रे बघत हिंडते. पाण्यात अळी वळवळताना दिसली की ऐश्वर्या ती कुपीत भरून घेते.

तिथल्या एका चाळीत तुळसाआजी राहतात. त्यांची नात सान्वी डेंग्यूमुळे दवाखान्यात होती आणि त्या संध्याकाळी घरी यायची होती. डेंग्यू पुन्हा झाला तर अधिक जड जाऊ शकतो. म्हणून सान्वी घरात येण्याआधीच ऐश्वर्याला डासांचा ठावठिकाणा हवा होता.

"आधी तो नाला बघ जा!" आजी म्हणाल्या. "आमच्याकडे काय मिळणार? पिंपाला झाकण आहे, वर फडकं बांधलंय."

"आजी, हा डास नाल्यात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो."

पिंपात खरंच काही नव्हतं. मोरी कोरडी होती. मी कोपरान्‌कोपरा धुंडाळला. ऐश्वर्या हताश होऊन निघालीच होती, तेवढ्यात तिची नजर जाळीच्या कपाटावर गेली. आत गुळाची ढेप उघडीच होती.

"आजी, एवढा गूळ, आणि मुंग्या कशा नाहीत?"

आजी खुलल्या. "अगं, कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात ना! सासूबाईंची पद्धत. रोज वरून पाणी घालते, कधी सुकू देत नाही."

ऐश्वर्या फरशीवर आडवी झाली आणि तिने मला कपाटाखाली सरकवलं. वाट्यांमध्ये अळ्या वळवळत होत्या! मला शोध लागल्याचा आनंद झाला. मग आजींचा चेहरा दिसला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

"म्हणजे मीच पाळले हे? माझ्या सान्वीला चावायला?" आजींना रडू आलं.

"आम्ही तरी कुठे बघितलं, आजी? मागच्या वेळी पिंप बघूनच परत गेलो."

ऐश्वर्याने पाणी बाहेर उन्हात ओतून दिलं. आजींनी वाट्या घासून कोरड्या केल्या आणि कपाटाच्या पायांभोवती हळद टाकली. संध्याकाळी सान्वी आली आणि थकून आजींच्या मांडीवरच झोपली.

दुसऱ्या दिवशी चाळीतली बाकीची घरं बघायला आजींनी मला ऐश्वर्याकडून मागून घेतलं. शेजारची रंभा आम्हाला घरात घेईना. तपासायला आलेल्यांसमोर आपल्याच घरात अळ्या निघाल्या तर, याची तिला लाज वाटायची.

"अगं रंभा, दार उघड. माझ्या घरात पण निघाल्या," आजी म्हणाल्या, आणि दार उघडलं. मग पुढचीही दारं उघडत गेली.

मित्रांनो, आज तुम्हीही घरात एकदा वाकून बघा. अळ्या सापडल्या तर पाणी ओतून द्या, पण घरातल्या कुणाला रागावू नका. ते पाणी कुणीतरी मायेनेच घातलेलं असतं.